सत्तेचाळीस किलोंत काय काय असतं

माझी आत्या आयुष्यभर ४७ किलोंची. लग्नात तेवढी, दोन बाळंतपणांनंतर तेवढीच आणि साठीला टेकली तरी तेवढीच. घरात तिचं उदाहरण दिलं जायचं, "बघा, अंगावर तोळाभर चरबी चढू दिली नाही." तीन वर्षांपूर्वी पायाची जखम लवकर भरेना म्हणून रक्त तपासलं, तर साखर निघाली, तीही चांगलीच वाढलेली. तिचा पहिला प्रश्न होता, "अगं, मी एवढी बारीक, मला कशी साखर?"

त्याच सुमारास तिला जमिनीवरून उठताना कशाचा तरी टेका लागायला लागला होता. ते मात्र आम्ही सगळ्यांनी वयावर ढकललं. साखर आणि उठताना लागणारा टेका या दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी असू शकतं, हे मला बरंच वाचल्यावर कळलं. आपल्याकडच्या किती तरी घरांत अशी एक आत्या असते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आपण काट्यावर उभे राहतो तेव्हा हाडं, रक्त, मेंदू, आतडी, कालचं जेवण, नुकतंच प्यायलेलं पाणी, स्नायू आणि चरबी असं सगळं मिळून उभं राहतं. काटा फक्त बेरीज सांगतो. मध्यमवयीन, ६० किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण १८ ते २० किलो चरबी असते आणि जवळपास तेवढेच किंवा थोडे कमी स्नायू. तिच्याच उंचीच्या, तिच्याच वजनाच्या पण रोज अंगमेहनत करणाऱ्या दुसऱ्या बाईत चरबी १३-१४ किलो आणि स्नायू २३ किलो असू शकतात. काट्यावर दोघी सारख्याच. जिना चढताना, कपडे शिवताना आणि रक्त तपासताना मात्र त्या दोन वेगळ्या बायका असतात.

कपड्यांचं कारण सोपं आहे. तूप पाण्यावर तरंगतं तशी चरबीही पाण्यापेक्षा हलकी. एक लिटर जागेत ९०० ग्रॅमच्या आसपास चरबी मावते, तर तेवढ्याच जागेत १,०६० ग्रॅम स्नायू. म्हणजे किलोभर चरबीला किलोभर स्नायूपेक्षा १८ टक्के जास्त जागा लागते. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत चरबीचा गोळा स्नायूच्या दुप्पट-तिप्पट दाखवतात, ती अतिशयोक्ती आहे. पण पाच किलो चरबी जाऊन पाच किलो स्नायू आले, तर पॅन्ट कमरेला सैल होते आणि काटा जागचा हलत नाही, हे खरं. उलटंही होतं आणि तेच जास्त घरांत होतं. वीस वर्षं वजन तेच, पण जुनी पॅन्ट लागत नाही. माणूस म्हणतो, कपडा आटला.

वजनाच्या या बेरजेवर विसंबणं किती फसवं असतं, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत स्पष्ट दिसलं. सैन्यभरतीसाठी उंची-वजनाचे तक्ते होते. त्या तक्त्यांप्रमाणे अमेरिकन फुटबॉलचे कित्येक धडधाकट व्यावसायिक खेळाडू 'अतिवजनी' ठरत होते. नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी अशा २५ खेळाडूंचं वजन पाण्याखाली बुडवून केलं. पाण्यात माणूस किती हलका होतो यावरून त्याच्या शरीराची घनता कळते आणि घनतेवरून चरबीचा अंदाज येतो. तक्त्यांनी लठ्ठ ठरवलेल्या त्या खेळाडूंपैकी बहुतेकांच्या अंगात चरबी फारच थोडी होती. १९४२ साली हे प्रसिद्ध झालं. तरी तक्ते काही गेले नाहीत.

आज त्यांची जागा बीएमआयने घेतली आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी मांडलं. ते खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना मोठ्या लोकसमूहातला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, कुणा एकाच्या तब्येतीचं निदान करायचं नव्हतं. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर त्याला १९७२ मध्ये अमेरिकेतले अन्सेल कीज यांच्या शोधनिबंधातून मिळालं. आत्याची उंची १५० सेंटिमीटर. ४७ भागिले २.२५, उत्तर २०.९. अगदी आदर्श. दर वेळी दवाखान्यात तिच्या कागदावर हा आकडा लिहिला जायचा आणि प्रश्न तिथेच मिटायचा.

पुण्यातला एक फोटो

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी आयुष्यभर शोधलं ते डॉक्टर पुण्याचेच आहेत. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं एकच असल्यामुळे हे कोडं 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणून जगभर ओळखलं जातं.

युडकिन नियमित धावणारे होते, हे खरं. पण फरक तेवढ्यानेच पडत नाही. त्याची सुरुवात जन्माआधी होते, असं याज्ञिक यांच्या कामातून दिसतं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोंच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं लहान आहेत हे आधीही माहीत होतं. पण काय कमी आहे ते मोजल्यावर कळलं की पोटातले अवयव आणि स्नायू बरेच कमी होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. याज्ञिक यांनी या बाळांना 'बारीक पण चरबीयुक्त' असं नाव दिलं. गर्भात खायला कमी पडलं की शरीर स्नायूंवरचा खर्च कापतं आणि चरबी राखतं. पिढ्यान् पिढ्या दुष्काळ, उपास आणि अर्धपोटी आया यांतून आलेल्या शरीराची ही काटकसर आहे. असं वाढलेलं मूल मोठेपणी शहरात येतं, खुर्चीवर बसतं, पोटभर खातं. बाहेरून ते बारीकच दिसतं.

म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी आहेत. युरोपीय लोकांत बीएमआय २५ ओलांडला की वजन जास्त म्हणतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही रेघ २३ वर आणली आणि २५ पासून पुढे थेट लठ्ठपणा धरला. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आत्याच्या कमरेला टेप लावली तेव्हा ८४ निघाले. साडीच्या निऱ्यांत ते कधी कुणाला दिसलंच नव्हतं.

चरबी कुठे साठते

चरबीविषयी लोक फार वाईट बोलतात. ती नसती तर आपण जगलो नसतो. पुरुषाच्या शरीरात निदान ३ टक्के आणि बाईच्या शरीरात साधारण १२ टक्के चरबी ही अत्यावश्यक धरली जाते. मज्जातंतूंची आवरणं, हाडांतला मगज, अवयवांभोवतीच्या गाद्या यांत ती असते. चरबीच्या पेशी हार्मोनही तयार करतात. भूक किती लागावी हे मेंदूला कळवणारं लेप्टिन तिथूनच येतं, हे १९९४ मध्ये समजलं. चरबी फार उतरली की बाईची पाळी थांबते, कारण आता बाळ पोसायला शिल्लक नाही असा अर्थ शरीर काढतं.

प्रश्न येतो तो साठवणीच्या जागेचा. जुन्या घरात धान्याची कणगी असायची. कणगीत मावतं तोवर सगळं ठीक. ती भरली आणि धान्य येतच राहिलं की पोती आधी ओसरीवर लागतात, मग माजघरात, शेवटी देवघरातही. कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, ही आपली कणगी. ती बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. ती कमी पडली की चरबी पोटाच्या आत आतड्यांभोवती जाते, यकृतात जाते, स्नायूंच्या धाग्यांतही शिरते. तिथे ती इन्सुलिनच्या, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनच्या, कामात अडथळा आणते. आपल्या लोकांची कणगी मुळात लहान असते आणि म्हणून थोड्याच वजनवाढीत पोती देवघरात पोचतात, असं या विषयातल्या अनेक अभ्यासकांना वाटतं. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही आपल्याकडची ओळखीची अंगकाठी या हिशेबात चपखल बसते.

आता साखरेचं. जेवल्यावर रक्तात आलेली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. शिरेतून साखर आणि इन्सुलिन देऊन केलेल्या मोजमापांत रक्तातून उचललेल्या साखरेतली जवळजवळ ८० टक्के स्नायूंत जाताना दिसते. धडधाकट माणसाच्या स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते, यकृतात फक्त १०० ग्रॅम. गोदाम लहान असेल किंवा दिवसभर काहीच न केल्यामुळे कालचा माल तसाच पडून असेल, तर आजची साखर जाणार कुठे? ती रक्तातच फिरत राहते. आत्याच्या बाबतीत हेच झालं होतं. तिच्या ४७ किलोंत स्नायूंचा वाटा वर्षागणिक घटत होता, पोटातल्या चरबीचा वाढत होता आणि बेरीज सारखी येत होती.

यात एक आशेची बाजू आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो. जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या चालण्याने साखर खाली येते ती यामुळे.

एका रात्रीतलं वजन

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटने ५० किलो गटात एका दिवसात तीन लढती जिंकून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली. आदल्या रात्री तिने पाणी टाळलं, घाम गाळला, केससुद्धा कापले. सगळा देश हळहळला. 'एवढीशी चरबी कमी करता आली नाही का,' असंही कुणी कुणी म्हणालं. त्या रात्री चरबीचा संबंधच नव्हता.

किलोभर शरीरातल्या चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. ६० किलोंचा माणूस तासभर भरभर चालला तर दोनशे-सव्वादोनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे किलोभर चरबी जाळायला चौतीस ते अडतीस तास चालायला हवं. एका रात्रीत वर-खाली होतं ते पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न. नवीन डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो जातात, त्याचंही कारण तेच. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी बांधलेलं असतं. पोळी-भात बंद केला की ग्लायकोजेन संपतो आणि ते पाणी निघून जातं. लग्नाच्या जेवणावळीत दोन दिवस जेवलं की परत येतं.

मग चरबी जाते तरी कुठे? घामातून, असं बहुतेकांना वाटतं आणि म्हणून पोटाला प्लास्टिक गुंडाळून लोक पळतात. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी हा हिशेब नीट मांडला. १० किलो चरबी जळली की तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. चरबी आपण नाकातोंडातून सोडतो. मला हे कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी नुसती माझा श्वास बघत बसले होते.

व्यायामाविना, नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायू असतात. उपासमारीसारखं डाएट केलं तर आणखी जास्त. पुढे वजन परत येतं तेव्हा मुख्यतः चरबी येते. दोन-तीन वेळा असं झालं की माणूस त्याच वजनावर, पण आधीपेक्षा कमी स्नायू घेऊन उभा असतो. हल्ली वजन कमी करणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं. भूक मेली की प्रथिनंही कमी जातात.

तालमीतली ताकद

स्नायू वाढला की ताकद वाढते, हे अर्धंच सांगणं झालं. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर ठरते, लांबीवर नाही. विहिरीचा दोर लांब केला म्हणून मजबूत होत नाही, पदर वाढवून जाड केला तर होतो. माणूस मोठा होतो तेव्हा वजन लांबी, रुंदी, जाडी अशा तिन्ही बाजूंनी वाढतं, ताकद मात्र दोनच बाजूंनी. म्हणून वजन दुप्पट झालं तर ताकद दीडपटीच्या थोडी वर जाते, दुप्पट होत नाही. मल्लखांबावर सगळे छोट्या चणीचे का दिसतात, याचं उत्तर यात आहे. तिथे स्वतःचंच अंग उचलायचं असतं आणि प्रत्येक किलो चरबी हे ओझं असतं.

कुस्तीत हिशेब बदलतो, कारण समोरच्याला तुम्हाला उचलायचं असतं. म्हणून वजनगट आले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेट गटात लढून सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोंच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ५७ किलो! रस्त्यात दिसले असते तर कुणी त्यांना धिप्पाड म्हटलं नसतं.

मग ती ताकद कुठे असते? बरीचशी नसांमध्ये. प्रत्येक स्नायूत हजारो धागे असतात आणि एकेक चेता त्यातल्या काही धाग्यांची टोळी सांभाळते. गणपतीच्या आधी पुण्यात ढोलपथकांचा सराव चालतो तो आठवा. पहिल्या दिवशी साठ ढोल असतात, पण निम्मे वाजतच नाहीत आणि वाजतात ते मागेपुढे. महिन्याभराने तेच साठ ढोल एका ठोक्यावर पडतात आणि छाती हादरते. ढोल वाढलेले नसतात. नवीन माणूस व्यायाम सुरू करतो तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत हेच घडतं. दंड मोठा दिसत नाही, वजन हलत नाही, पण बादली हलकी लागायला लागते. याच टप्प्यावर कित्येक जण आरशात काही दिसत नाही म्हणून सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आतलं सगळ्यात मोठं काम तेव्हाच चालू असतं.

बोस्टनमध्ये १९९० साली झालेला एक छोटा प्रयोग मी ज्येष्ठांना नेहमी सांगते. वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. मांडीचा स्नायू सरासरी ९ टक्के वाढला. ताकद वाढली १७४ टक्के, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट.

तालमीचा विषय निघाला म्हणून एक गैरसमज. "पैलवानाने कुस्ती सोडली की स्नायूंची चरबी होते," असं म्हणतात. स्नायूच्या पेशी वेगळ्या, चरबीच्या वेगळ्या, एकीची दुसरी होत नाही. घडतं असं की जोर, बैठका आणि लढत बंद होतात आणि दूध, तूप, बदाम, मटण तसंच चालू राहतं. वापर नसलेला स्नायू आटतो, वरचं खाणं चरबीत साठतं आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे एकाचं दुसरं झाल्यासारखं दिसतं. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते, हाही असाच समज. पोटाचे स्नायू बळकट होतात, हे चांगलंच. चरबी कुठून आधी उतरायची ते शरीर आपलं आपण ठरवतं.

आणि जिमवाले सांगतात की स्नायू वाढवा, बसल्या बसल्या चरबी जळेल, त्यावर फार भिस्त ठेवू नका. विश्रांतीत किलोभर स्नायू दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खातो, किलोभर चरबी साडेचार. दोन किलो स्नायू कमावले तर रोजच्या २६ कॅलरी, अर्ध्या पोळीएवढ्याही नाहीत. स्नायूंचा खरा उपयोग साखर साठवणं, पडताना सावरणं आणि म्हातारपणी स्वतःच्या पायांवर संडासला जाता येणं, हा आहे.

तिशीनंतरची गळती

तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंपेक्षाही लवकर उतरते. आधी जातात ते झटपट आकसणारे धागे. पाय घसरल्यावर क्षणात दुसरा पाय पुढे टाकायला तेच लागतात. ते गेले की माणूस सावरत नाही, पडतो, खुब्याचं हाड मोडतं. या झिजेला १९८९ मध्ये सार्कोपेनिया हे नाव मिळालं. तोपर्यंत तिला नावच नव्हतं, नुसतं 'वय झालं' म्हणायचे.

हाताच्या पकडीवरून पुष्कळ कळतं. भारतासह १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, पकडीची ताकद पाच किलोंनी कमी असली की पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा पकड हे जास्त चांगलं भाकीत करत होती. आशियाई तज्ज्ञांच्या निकषाप्रमाणे पुरुषाची पकड २८ किलोंच्या आणि बाईची १८ किलोंच्या खाली असेल, तर लक्ष द्यायला हवं. पकड मोजायचं यंत्र घरात नसतं, पण खुर्ची असते. हात छातीवर घडी घालून साध्या खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पाय कमकुवत झाले आहेत असं समजायचं. आत्याला १७ लागले आणि चौथ्या वेळी तिने खुर्चीचा दांडा धरला.

तिच्यासाठी आम्ही काय केलं ते सांगते. डॉक्टरांना विचारून, गोळ्या चालू ठेवून.

आधी ताट बघितलं. सकाळी पोहे, दोनदा चहा, दुपारी दोन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भात, भाजी, रात्री भाकरी आणि पुन्हा भाजी. सगळं मिळून प्रथिनं तीस ग्रॅमच्या आसपास. साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात, उतारवयात १ ते १.२ ग्रॅम हवीत, म्हणजे आत्याला रोज ४७ ते ५६. त्यात आठवड्यातून दोन उपास. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, खिचडीत जी असतात ती शेंगदाण्याची. उपास सोड असं मी तिला म्हटलं नाही, ते माझं काम नाही. उपासाला दूध, दही, पनीर आणि दाणे वाढवले. एरवी वरण घट्ट केलं, सकाळी मूग किंवा मटकीची उसळ आणली, नातवाच्या आग्रहाने एक अंडं सुरू झालं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे स्वतःहून करू नये.

व्यायामाचं नाव काढल्यावर ती म्हणाली, "मी रोज देवळात चालत जाते की." चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलंच. पण स्नायूला वाढायचं कारण मिळतं ते त्याला थोडं जड गेलं तरच, आणि ते हळूहळू वाढवत नेलं तरच. आठवड्यातून निदान दोन दिवस तसा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्याने खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, पायऱ्यांवर चवडे उचलणं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर नेणं, एवढंच सुरू केलं. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही, कारण श्वास रोखला की रक्तदाब उसळतो. दोन आठवड्यांनी बाटल्या लिटरच्या झाल्या, मग दोन लिटरच्या. "बायका असं करून पुरुषासारख्या दिसायला लागतात ना?" हेही तिने विचारलं. नाही होत. त्याला लागणारं टेस्टोस्टेरॉन बायकांत पुरुषांच्या साधारण दहा-पंधरा पटींनी कमी असतं. ताकद मात्र पुरुषांइतक्याच प्रमाणात वाढते.

मोजमापासाठी शिवणकामाची टेप पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे पायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. पाणी कमी-जास्त प्यायलं तरी त्यांचा आकडा बदलतो. रोज बघून जीव टांगणीला लावू नये.

दिवाळीनंतर सुरू केलं होतं. फाल्गुनात तिचा फोन आला, घाबरलेला. "अगं, वजन सहाशे ग्रॅम वाढलं!" टेप लाव म्हटलं. ८१. खुर्चीवरून पाच वेळा उठायला ११ सेकंद. तीन महिन्यांची साखरही आधीपेक्षा खाली आली होती.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती सगळ्या बायकांबरोबर खाली सतरंजीवर बसली. डाळ-पन्हं झालं, गप्पा झाल्या. निघताना तिचा हात सवयीने शेजारच्या खुर्चीकडे गेला आणि तिथे पोचायच्या आत ती उभी राहिली होती.